३२ इलेक्ट्रोडच्या ईईजीतून जास्त बारीक चित्र कसं काढायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ईईजीसाठी, म्हणजे डोक्यावरून मेंदूचे विद्युत संकेत टिपायला, ३२ चॅनेलची (३२ इलेक्ट्रोडची) कॅप आहे. उजवा किंवा डावा हात हलवल्याची नुसती कल्पना करायला सांगून रेकॉर्डिंग घेतली आहेत. रेफरन्स, म्हणजे ज्याच्या तुलनेत बाकी सगळं मोजायचं तो इलेक्ट्रोड, कानांचा आहे. नकाशे काढले की दोन्ही वेळा डोक्याच्या मध्यापासून मागेपर्यंत पसरलेला एकच मोठा ढग दिसतो, डावं-उजवं काही वेगळं होत नाही. गटातले काही जण म्हणतात १२८ची कॅप घेऊ, काही म्हणतात सोर्स लोकलायझेशन लावू, म्हणजे मेंदूतला स्रोत गणिताने शोधू. यातलं काय करावं?

माझं मत आधीच सांगून टाकतो. कॅप आत्ता घेऊ नका, आणि सोर्स लोकलायझेशनलाही लगेच हात घालू नका. आहे त्याच डेटावर सरफेस लॅप्लासियन, म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडमधून त्याच्या शेजाऱ्यांची सरासरी वजा करण्याचं गणित, लावून पाहा. पण त्याआधी चॅनेल नीट तपासा, कारण लॅप्लासियन निष्ठुर आहे, रेकॉर्डिंगमधली प्रत्येक हलगर्जी तो मोठी करून दाखवतो. असं का, ते समजलं की कॅपचा प्रश्नही आपोआप सुटतो, म्हणून जरा मुळापासून लिहितो.

'रिझोल्यूशन' या एका शब्दात आपण दोन निराळ्या गोष्टी कोंबतो. एकच स्रोत असेल तर त्याची जागा किती अचूक सांगता येते, ही एक. जवळजवळ दोन स्रोत असतील तर ते दोन आहेत हे कळतं का, ही दुसरी. दुधी काचेमागे एक दिवा ठेवला तर काचेवर मोठा धूसर गोळा दिसतो, पण गोळ्याचा मध्य काढता येतो आणि दिवा साधारण तिथेच असतो. दोन दिवे जवळ ठेवले तर मात्र एकच लांबट गोळा दिसतो, आणि त्याच्या मध्यावर बोट ठेवलं तर तिथे दिवाच नसतो! डेव्हिड कोहेन यांच्या गटाने १९९०मध्ये पहिल्या गोष्टीची थेट परीक्षा घेतली होती. ज्या रुग्णांच्या मेंदूत उपचारासाठी आधीच इलेक्ट्रोड बसवलेले होते, त्यांच्यात त्याच इलेक्ट्रोडमधून बारीकसा प्रवाह सोडून माहीत असलेल्या जागी कृत्रिम डायपोल (धन-ऋण टोकांचा छोटा विद्युत स्रोत) तयार केला आणि डोक्याबाहेरून तो शोधला. ईईजीची सरासरी चूक सुमारे १० मिलिमीटर निघाली, एमईजीची, म्हणजे मेंदूचं चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या पद्धतीची, ८. हा १० मिलिमीटरचा आकडा ऐकून लोक खूश होतात आणि ईईजीचं रिझोल्यूशन एक सेंटिमीटर आहे असं लिहून मोकळे होतात. तो आकडा एकट्या दिव्याचा आहे. एकमेकांपासून एक सेंटिमीटरवरचे, एकाच वेळी चालू असलेले दोन स्रोत ईईजीतून सुटे होतील असं त्यातून अजिबात निघत नाही. तुमचा प्रश्न दुसऱ्या जातीचा आहे, आणि तोच कठीण आहे.

आता ही दुधी काच कशाची? कॉर्टेक्समधल्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या थरातल्या, पिरॅमिडल पेशी एकमेकींना समांतर उभ्या असतात. हजारो पेशी एकाच तालात काम करू लागल्या की त्यांचे प्रवाह जुळून बाहेर मोजता येईल इतका विद्युतदाब तयार होतो. तो आधी मेंदूभोवतीच्या द्रवात शिरतो. हा द्रव, म्हणजे सीएसएफ, फार चांगला वाहक आहे, शरीराच्या तापमानाला त्याची वाहकता १.७९ सीमेन्स प्रति मीटर आहे, मेंदूच्या ऊतीच्या कितीतरी पट. त्यामुळे प्रवाह तिथेच आडवा पसरायला लागतो. पुढे कवटी येते. ती उलट वाईट वाहक, म्हणून सरळ बाहेर येण्याऐवजी प्रवाह आणखी पसरतो. आणि शेवटी त्वचा, ती पुन्हा बरी वाहक. मेंदूच्या तुलनेत कवटीची वाहकता किती कमी, यावर बराच वाद झाला. १९६८मध्ये रश आणि ड्रिस्कॉल यांनी वापरलेला ८० पटींचा आकडा कित्येक वर्षं सॉफ्टवेअरमध्ये घर करून होता. नंतरच्या बहुतेक मोजमापांत तो १५ ते ५०च्या दरम्यान येतो. तेव्हा कोणत्याही पॅकेजमध्ये ८० दिसला तर तसाच ठेवून पुढे जाऊ नका.

या सगळ्याचा परिणाम असा की इलेक्ट्रोडपासून कॉर्टेक्स दीडेक सेंटिमीटरच दूर असला तरी एक इलेक्ट्रोड त्याच्याखालच्या कित्येक चौरस सेंटिमीटरांची गोळाबेरीज ऐकतो. १९६५मध्ये कूपर आणि सहकाऱ्यांनी अंदाज दिला होता की बाहेर दिसण्यासाठी कॉर्टेक्सचा निदान ६ चौरस सेंटिमीटर भाग एका तालात असावा लागतो. पुढे अपस्माराच्या स्पाइकवर (टोकदार लाटांवर) काम करणाऱ्यांना १० चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त भाग लागतो असं दिसलं.

सगळ्या उत्तराचा कणा इथे आहे, म्हणून हळू वाचा. कवटी बारीक तपशील पुसून टाकत नाही, दाबते. मोठे पसरट आकृतिबंध जवळजवळ जसेच्या तसे बाहेर येतात. आकृतिबंध जितका बारीक, तितका तो जास्त दबतो. पुसला असता तर कुठलंही गणित तो परत आणू शकलं नसतं, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. दाबलेला असल्यामुळे तो परत उचलता येतो. पण उचलताना त्याच पातळीवरचा गोंगाटही तितकाच उचलला जातो. रिझोल्यूशन वाढवायची जेवढी म्हणून तंत्रं आहेत, लॅप्लासियन असो, मिनिमम नॉर्म किंवा बीमफॉर्मर या सोर्स लोकलायझेशनच्या पद्धती असोत, ती सगळी हे दाबलेलं परत उचलण्याचंच काम करतात. कुठवर उचलायचं हे तुमचा गोंगाट ठरवतो. इलेक्ट्रोडची संख्या नंतर येते.

हे आकड्यांत पाहू. १९७५मध्ये ह्यॉर्थ यांनी लॅप्लासियनची सर्वांत साधी रीत दिली: मधला इलेक्ट्रोड घ्या आणि त्यातून चार शेजाऱ्यांची सरासरी वजा करा. समजा एका क्षणी सी३वर (डोक्याच्या डाव्या मध्यभागातला इलेक्ट्रोड, सी४ त्याचा उजवीकडचा जोडीदार) १२ मायक्रोव्होल्ट आहेत. शेजारी एफ३वर १०, पी३वर ९, टी७वर ८ आणि सीझेडवर ९. शेजाऱ्यांची सरासरी ९, म्हणून उत्तर ३. आता कानांचा रेफरन्स सोडून दुसरा घेतला आणि पाचही ठिकाणी ५ मायक्रोव्होल्ट वाढले असं समजा: १७, १५, १४, १३, १४. सरासरी १४, उत्तर पुन्हा ३. रेफरन्सची सगळी भांडणं इथे एका वजाबाकीत मिटतात. शिवाय डोक्याच्या मागच्या भागातून येणारी अल्फा लय, जी या पाचही इलेक्ट्रोडवर थोड्याफार फरकाने सारखीच पोचते, ती बऱ्याच अंशी कटते. तुमच्या नकाशातला 'मधला ढग' मला बहुतांशी हाच वाटतो: मागची अल्फा पसरून पुढे आलेली, आणि तिच्या पोटात डाव्या-उजव्या हाताच्या म्यू लयींतला (हालचालीशी जोडलेल्या लयींतला) फरक बुडालेला. दोन्ही लयींची वारंवारता जवळपास सारखी, ८ ते १३ हर्ट्झ, त्यामुळे वारंवारतेच्या फिल्टरने त्या सुटत नाहीत. जागेवरूनच सोडवाव्या लागतात.

आता याची किंमत. समजा प्रत्येक चॅनेलचा स्वतःचा, इतरांशी संबंध नसलेला गोंगाट १ मायक्रोव्होल्ट आहे. मधल्याचा १ आणि चार शेजाऱ्यांच्या सरासरीचा मिळून लॅप्लासियनमध्ये तो १.२५च्या वर्गमुळाइतका, म्हणजे सुमारे १.१२ होतो. गोंगाट थोडासाच वाढला, पण सिग्नल १२वरून ३वर आला. आधी १२ पट वर होतो, आता जेमतेम २.७ पट. तेच गुणोत्तर परत मिळवायचं तर सरासरीसाठी २० पट ट्रायल (तीच कृती पुन्हा पुन्हा करून घेतलेल्या नोंदी) लागतील. प्रत्यक्षात परिस्थिती इतकी वाईट नसते, कारण ज्याला आपण गोंगाट म्हणतो त्यातला मोठा भाग मेंदूचाच, सगळीकडे पसरलेला असतो आणि तो वजाबाकीत जातो. उरतो तो इलेक्ट्रोडचा, त्वचेचा, केबलच्या हालचालीचा, स्नायूंचा. म्हणजे नेमका तो, जो नीट कॅप बसवून कमी करता येतो.

आता १२८ची कॅप घ्या. प्रौढ माणसाच्या डोक्यावर नाकाच्या मुळापासून मागच्या उंचवट्यापर्यंत साधारण ३६ सेंटिमीटर भरतात, त्यामुळे १०-२० या नेहमीच्या मांडणीत शेजारचे इलेक्ट्रोड सात सेंटिमीटरांच्या आसपास पडतात. ६४मध्ये साधारण चार, १२८मध्ये तीन, २५६मध्ये दोन सेंटिमीटर. वरच्या उदाहरणातला तोच विद्युतदाबाचा उंचवटा साडेतीन सेंटिमीटरवरच्या शेजाऱ्यांनी मोजला तर? अंतर निम्मं झालं की उंचवट्याच्या माथ्यावरचा फरक चौथाईवर येतो. ३ मायक्रोव्होल्टचे पाऊण होतात, आणि गोंगाट तेवढाच, १.१२. शेजारी जवळ आणून आपण सिग्नल गोंगाटाखाली पुरला. १९९७मध्ये मॅकफार्लंड आणि सहकाऱ्यांनी म्यू लयीवर चालणाऱ्या ब्रेन-कॉम्प्युटर इंटरफेससाठी फिल्टरांची तुलना केली, तेव्हा दूरचे शेजारी घेणारा मोठा लॅप्लासियन आणि कॉमन अॅव्हरेज रेफरन्स (सगळ्या इलेक्ट्रोडांची सरासरी वजा करणारा), हे दोन्ही जवळच्या शेजाऱ्यांच्या लहान लॅप्लासियनपेक्षा आणि कानांच्या रेफरन्सपेक्षा सरस ठरले. पहिल्यांदा वाचताना हा निकाल उलटा वाटतो. वरची वजाबाकी केली की वाटत नाही.

याचा अर्थ जास्त इलेक्ट्रोड निरुपयोगी आहेत असा नव्हे. इलेक्ट्रोड विरळ असतील तर बारीक आकृतिबंध नुसता हरवत नाही, तो मोठ्या आकृतिबंधाचं सोंग घेऊन येतो, जसं सिनेमात गाडीचं चाक उलटं फिरताना दिसतं. सात सेंटिमीटरवरच्या इलेक्ट्रोडांना १४ सेंटिमीटरहून आखूड अवकाशी तरंग ओळखताच येत नाहीत. तिथून तीन सेंटिमीटरवर येण्यात खरा फायदा आहे. तीनवरून दोनवर येण्यात प्रौढांच्या बाबतीत तो बराच घटतो, कारण तेवढं बारीक कवटीतून बाहेर पडतानाच गोंगाटाखाली गेलेलं असतं. तान्ह्या बाळांची गोष्ट निराळी: कवटी पातळ, टाळू भरलेली नाही, डोकं लहान, तिथे दाट इलेक्ट्रोड जास्त काही देतात. आणि जास्त इलेक्ट्रोडांचे एकत्र घेऊन सरासरीसारखे वजनदार बेरजा-वजाबाक्या केल्या तर गोंगाटही कमी होतो. मात्र त्यासाठी ते सगळे चांगले बसलेले हवेत. एक माणूस कॅप बसवतोय आणि वीस मिनिटांत १२८ जागी जेल भरतोय, अशा रेकॉर्डिंगपेक्षा नीट बसवलेले ६४ मी कधीही घेईन.

संख्येइतकंच, किंबहुना जास्त, महत्त्व कुठे ठेवले आहेत याला आहे. बहुतेक कॅप कानाच्या वरच संपतात. टेम्पोरल भागाच्या खालच्या पृष्ठाचं सगळं खाली, गालाच्या आणि मानेच्या दिशेने दिसतं, आणि तिथे ऐकायला कोणी नसतं. म्हणूनच २०१७मध्ये क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने नेहमीच्या तपासणीसाठी २५ इलेक्ट्रोडांची मांडणी सुचवली, आणि १९च्या वर जे सहा वाढवले ते सगळे खालच्या ओळीचे: एफ९, एफ१०, टी९, टी१०, पी९, पी१०. अपस्मारात संख्या आणि मॉडेल या दोन्हींचा किती फरक पडतो याचा २०११मधला जिनिव्हाचा अभ्यास प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रिया झालेल्या १५२ रुग्णांत, १२८ ते २५६ इलेक्ट्रोड आणि रुग्णाचा स्वतःचा एमआरआय वापरला तेव्हा सेन्सिटिव्हिटी (खरा स्रोत पकडण्याचं प्रमाण) ८४ टक्के आणि स्पेसिफिसिटी (खोटा न पकडण्याचं प्रमाण) ८८ टक्के होती. इलेक्ट्रोड ३२हून कमी आणि शिवाय एमआरआयही सर्वांसाठीच्या तयार साच्यातला असला की दोन्ही साठच्या खाली गेले.

आता लॅप्लासियन प्रत्यक्ष लावण्याबद्दल. चार शेजाऱ्यांची ह्यॉर्थ रीत समजून घ्यायला आणि ऑनलाइन वापराला छान आहे, पण कडेच्या इलेक्ट्रोडांना चार शेजारी नसतात आणि तिथे ती गडबडते. ऑफलाइन कामासाठी १९८९ची पेराँ यांची गोलाकार स्प्लाइनची पद्धत वापरा. ईईजीलॅब, फील्डट्रिप, एमएनई-पायथन या सॉफ्टवेअरांत सगळीकडे ती तयार आहे. एमएनईमध्ये स्टिफनेस ४ आणि लॅम्डा १०चा उणे पाचवा घात असे डिफॉल्ट आहेत. यातला लॅम्डा म्हणजे 'कुठवर उचलायचं' याची कळ. तो वाढवला की नकाशा गुळगुळीत होतो, कमी केला की टोकदार आणि गोंगाटी. ३२ चॅनेलवर मी डिफॉल्टपासून सुरू करतो आणि दोन्हीकडे दहापट सरकवून पाहतो. निष्कर्ष लॅम्डाबरोबर नाचत असेल तर तो निष्कर्ष नव्हे. उत्तर मायक्रोव्होल्ट प्रति चौरस मीटर किंवा सेंटिमीटर अशा एककात येतं, त्यामुळे अक्षावर नुसतं मायक्रोव्होल्ट लिहू नका. आणि काठावरच्या चॅनेलवर काहीही भव्यदिव्य सापडलं तर आधी संशय घ्या.

खराब चॅनेल लॅप्लासियनच्या आधीच हाताळायला हवा. वरच्या उदाहरणात सीझेड सैल आहे आणि ९ऐवजी १३ दाखवतोय असं धरा. शेजाऱ्यांची सरासरी १० झाली, सी३चं उत्तर ३वरून २. सी३ चोख असून त्याचा एक तृतीयांश सिग्नल शेजाऱ्यापायी गेला, आणि सीझेड स्वतः केंद्र होईल तिथे तर खोटा उंचवटा उभा राहील. तो चॅनेल इंटरपोलेट करता येतो, पण इंटरपोलेट केलेला चॅनेल म्हणजे शेजाऱ्यांचीच उसनवारी, त्यात नवी माहिती शून्य. सी३ आणि सी४ हेच ज्या प्रयोगाचे नायक आहेत, त्यात तेच इंटरपोलेट करावे लागले तर तो माणूस विश्लेषणातून वगळा.

याहून वाईट म्हणजे जेलचे पूल. यात मी स्वतः तोंडघशी पडलो आहे. सुरुवातीच्या काळात एका मालिकेत पाच-सहा जणांच्या डाव्या मध्यभागात लॅप्लासियन जवळजवळ सपाट येत होता, उजवीकडे ठणठणीत. मी त्याला हातांच्या वापरातल्या फरकाचं छान स्पष्टीकरणही जोडून ठेवलं होतं. मग एका सहकाऱ्याने नुसतं विचारलं की डाव्या बाजूला जेल कोण भरतं. शेजारच्या दोन कपांतून जेल बाहेर येऊन केसांखाली एक झालं होतं, दोन्ही इलेक्ट्रोड विद्युतदृष्ट्या एकच बनले होते. यातली खोच अशी की इम्पीडन्सच्या (त्वचेशी जोडणीतल्या विरोधाच्या) पडद्यावर असे इलेक्ट्रोड सर्वांत छान हिरवे दिसतात. साध्या ईईजीतही काही खटकत नाही, कारण शेजारचे चॅनेल एरवीही सारखेच दिसतात. फक्त फरकावर जगणाऱ्या लॅप्लासियनचा जीव जातो. तपासणी सोपी आहे: शेजारच्या प्रत्येक जोडीचा फरक घ्या, त्याची व्हेरियन्स (चढउताराचं माप) काढा. बहुतेक जोड्या एका पट्ट्यात असतील, पूल झालेली जोडी शून्याजवळ पडलेली वेगळीच दिसेल. हे रेकॉर्डिंगच्या वेळीच, पहिल्या मिनिटाच्या डेटावर करा. नंतर कळलं तर ती फाइल बाजूला ठेवण्यापलीकडे काही करता येत नाही.

लॅप्लासियन काय खातो हेही माहीत हवं. पसरट आणि खोल स्रोत त्याला दिसत नाहीत. पी३००सारख्या (उद्दीपनानंतर सुमारे ३०० मिलिसेकंदांनी येणारी लाट), मोठ्या भागावर पसरलेल्या घटकाचा बराच भाग तो गिळतो. म्हणून मी दोन्ही चित्रं शेजारी ठेवतो, विद्युतदाबाचं आणि लॅप्लासियनचं. एकात आहे आणि दुसऱ्यात नाही, हीसुद्धा माहितीच.

रंगीत नकाशांबद्दल एक तक्रार इथेच मांडतो. ३२ जागी मोजलेले आकडे आणि हजारो पिक्सेलचं चित्र, यांच्यातलं सगळं इंटरपोलेशनने भरलेलं असतं. रंगांची पट्टी वरून कापली की ढग लहान होतो आणि रिझोल्यूशन वाढल्यासारखं भासतं. हे सोर्स इमेजिंगच्या चित्रांत तर सर्रास चालतं. नकाशावर इलेक्ट्रोडचे ठिपके दाखवलेले नसतील तर मी ते चित्र वाचतच नाही.

सोर्स लोकलायझेशनकडे वळायचं कारण मात्र खरं आहे, आणि ते टोकदारपणाचं नाही. मनगटावर मीडियन नर्व्हला हलका झटका दिला की सुमारे २० मिलिसेकंदांनी विरुद्ध बाजूच्या कॉर्टेक्समध्ये एन२० नावाची लाट येते. उजवं मनगट असेल तर डोक्याच्या डाव्या बाजूला मागे, सीपी३च्या आसपास ऋण टोक दिसतं आणि पुढे कपाळाच्या बाजूला धन टोक. स्रोत या दोन्ही ठिकाणी नसतो, मध्ये असतो: सेंट्रल सल्कस नावाच्या घळीच्या मागच्या भिंतीत. तिथल्या पेशी कवटीला समांतर आडव्या असतात, म्हणून त्यांचा डायपोलही आडवा. पायाच्या बाबतीत याहून मजा आहे. घोट्याशी टिबियल नर्व्हला झटका दिला की धन लाट डोक्याच्या त्याच बाजूला जास्त दिसते, खरं काम मात्र विरुद्ध गोलार्धाच्या आतल्या भिंतीत चाललेलं असतं, तिचा रोख पलीकडे असतो इतकंच. लॅप्लासियन इथे काय करेल? दोन टोकं आणखी रेखीव करेल. चुकीची जागा जास्त आत्मविश्वासाने दाखवेल. 'इलेक्ट्रोडखाली स्रोत' हे गृहीतकच मोडतं तिथे डोक्याचं मॉडेल लागतं.

पण मग त्या मॉडेलचे लाडही पुरवावे लागतात. बाहेरच्या मोजमापावरून आतले प्रवाह एकमेव रीतीने ठरत नाहीत, हे हेल्महोल्ट्झने १८५३मध्येच दाखवलं होतं. उत्तर निवडायला आपण काहीतरी गृहीत धरतो, आणि पद्धतींची नावं म्हणजे त्या गृहीतकांची नावं. मिनिमम नॉर्म सर्वांत कमी प्रवाहाचं उत्तर निवडतो, म्हणून वरवरचं आणि पसरट. एसलोरेटा एकट्या स्रोताचं शिखर, गोंगाट नसेल तर, अचूक जागी ठेवतो, पण ही पुन्हा एकट्या दिव्याची हमी, दोन दिव्यांबद्दल ती काही बोलत नाही. बीमफॉर्मर बारीक चित्र देतो, पण दोन स्रोत एकाच तालात चालत असतील तर ते एकमेकांना खोडतात. दोन्ही कानांनी ऐकलेल्या आवाजाला दोन्ही बाजूंचे श्रवण-कॉर्टेक्स असेच एकत्र चालतात. यातलं काहीही वापरायचं तर निदान तीन थरांचं (मेंदू, कवटी, त्वचा) बीईएम हे डोक्याचं मॉडेल, शक्य असेल तर सीएसएफ वेगळा धरणारं, आणि प्रत्येकाचा स्वतःचा एमआरआय हवा. इलेक्ट्रोडच्या जागा कॅपच्या छापील तक्त्यातून घेऊ नका, प्रत्यक्ष मोजा, डिजिटायझर पेनने किंवा सगळ्या बाजूंनी फोटो काढून. कॅप एक सेंटिमीटर मागे सरकली असेल तर बाकी सगळी नाजूक कारागिरी त्या एका सेंटिमीटरवर उभी असते.

आणखी एक करा, जे फार कमी लोक करतात. सोर्स लोकलायझेशन लावायच्या आधी, तुमचे ३२ इलेक्ट्रोड, तुमचं मॉडेल आणि तुमचा गोंगाट घालून रिझोल्यूशन मॅट्रिक्स काढा. कॉर्टेक्सवरच्या एका बिंदूला प्रवाह दिला तर तुमची पद्धत तो किती भागावर पसरवून दाखवते, हे त्यातून थेट दिसतं. हाताच्या भागाचा डाग पलीकडच्या गोलार्धापर्यंत जात नाही ना, एवढं तुम्हाला पुरे. तोच डाग बोटांच्या भागांना वेगळं करण्याइतका लहान कधीच नसेल, आणि हे आधी कळलेलं बरं.

इंडिपेंडंट कम्पोनंट अॅनालिसिस आणि सीएसपी (कॉमन स्पेशियल पॅटर्न) यांचं थोडक्यात. पहिलं मिसळलेले संकेत सुटे करतं, डोळे-स्नायूंची घाण काढायला उत्तम, आणि त्याचे बरेच घटक एका डायपोलने समजावता येतील असे निघतात, तेव्हा ते लोकलायझेशनची चांगली पहिली पायरी होतं. सीएसपी दोन वर्गांत जास्तीत जास्त फरक करणारा फिल्टर डेटातूनच शिकतो. फक्त डावं-उजवं ओळखून यंत्र चालवायचं असेल तर तो लॅप्लासियनपेक्षा बऱ्याचदा सरस ठरतो, पण ट्रायल कमी असतील तर गोंगाटही मनापासून पाठ करतो. त्याचा नकाशा शरीररचना म्हणून वाचू नका.

तुमच्या मांडणीची परीक्षा घ्यायची असेल तर एन२० घ्याच. मनगटाच्या झटक्याची सोय असेल तर ५००हून जास्त झटके, निदान २ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग, आणि पुढे धन, मागे ऋण अशी जोडी दिसते का पाहा. उत्तर आधीच माहीत असलेला हा एक स्रोत आहे. तो योग्य घळीत पडला नाही तर माहीत नसलेल्या स्रोतांबद्दल बोलण्यात अर्थ नाही. सोय नसेल तर २०२०पासून लोकलाइझ-एमआय नावाचा खुला डेटासंच उपलब्ध आहे: मेंदूच्या आत माहीत असलेल्या जागी दिलेला प्रवाह आणि डोक्यावर २५६ चॅनेलचं रेकॉर्डिंग. त्यातले तुमच्या कॅपवरचे ३२ तेवढे ठेवून बाकीचे गाळा आणि चूक किती वाढते ते स्वतः मोजा. १२८ की ३२, या वादात मी दिलेल्या कुठल्याही मतापेक्षा तो आकडा तुमच्या गटाला लवकर पटेल.

हात विरुद्ध हात एवढाच प्रश्न असेल तर माझा अंदाज आहे की चांगल्या ३२वर लॅप्लासियनने ढग दोन तुकड्यांत फुटेल, सी३ आणि सी४ वेगळे दिसतील, कारण दोन्ही हातांचे भाग दोन वेगळ्या गोलार्धांत, एकमेकांपासून पुरेसे लांब आहेत. पुढे हात आणि मनगट, किंवा एकाच बाजूचं मोटर आणि सेन्सरी असं वेगळं करायची वेळ आली तर १२८चा विषय पुन्हा काढा. आज मात्र पहिल्या पाच जणांच्या फायली उघडा आणि शेजारच्या जोड्यांच्या फरकांची व्हेरियन्स काढा. अर्ध्या तासाचं काम आहे. सी३ किंवा सी४ पुलात सापडला तर ती फाइल बाजूला ठेवा, तिच्यावर लॅप्लासियन लावू नका.